लिंबाचा रस घाऊक घेताना: आधी आम्ल मोजा, मग भाव करा

वाचक ताईंचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"आम्ही कराडजवळ लिंबू सरबत आणि कोकम सरबत बाटलीत भरून विकतो. परवाना आहे, चार बायका कामाला आहेत. आता एका हॉटेलवाल्यांनी दर महिन्याला २०० मिलीच्या ४,००० बाटल्या लिंबाच्या आणि तेवढ्याच संत्र्याच्या मागितल्या आहेत. आजवर मंडईतून लिंबं आणून आम्हीच पिळत आलो. पण गेल्या उन्हाळ्यात लिंबू असं काही महागलं की एप्रिल-मेचा नफा त्यातच गेला. मुंबईचा एक डीलर '६ टक्के आम्लतेची गॅरंटी' सांगून लिंबाचा रस बॅरलमध्ये द्यायला तयार आहे, निम्मे पैसे आधी मागतो. संत्र्यासाठी ब्राझीलच्या कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या रसाचा, ड्रम घ्या म्हणतो. मिस्टर म्हणतात, घेऊन टाक. दीर म्हणतात, नागपूरची संत्री आणू आणि स्वतःचं मशीन टाकू. मला दोन्ही पटत नाही. काय करू?"

ताई,

तुम्हाला दोन्ही पटत नाही, तेच बरोबर आहे. डीलरकडे आणि मशीनकडे वळण्याआधी एक हिशेब करू. तो तुमच्या पत्रात नाही, आणि तुमच्या मिस्टरांनी किंवा दिरांनीही केलेला दिसत नाही.

२०० मिलीच्या ४,००० बाटल्या म्हणजे ८०० लिटर सरबत. त्यात तुम्ही ६ टक्के लिंबाचा रस घालता असं धरू. म्हणजे महिन्याला ४८ लिटर रस लागला. लिंबू महाग असतं ते साधारण फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. त्या पाच महिन्यांचे २४० लिटर, सांडलवंड धरून २५०. चांगल्या रसदार कागदी लिंबाच्या १०० किलोतून ४० लिटरच्या आसपास रस निघतो, म्हणजे तुमचा अख्खा उन्हाळा सव्वासहाशे किलो लिंबात निघतो. एका पिकअपचा माल झाला हा! एवढ्यासाठी मुंबईच्या डीलरला निम्मे पैसे आधी देऊन बसायचं कारण मला तरी दिसत नाही.

लिंबाचं झाड कुणाच्या ऑर्डरवर चालत नाही. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या फुलांची, लिंबं जून-जुलैपासून बाजारात येतात आणि पावसाळ्यात कोण सरबत पितंय? आवक वाढते, मागणी पडते, भाव कोसळतो. उन्हाळ्यात जे लिंबू लागतं ते हस्त बहाराचं. तो बहार धरायला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडाला ताण बसावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस आला की ताण मोडतो, फूल कमी लागतं. मग एप्रिलमध्ये शेतकऱ्याकडेच माल नसतो, तर मंडईत कुठून येणार? २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबू किलोला दोनशेच्या वर गेलेलं तुम्हाला आठवत असेल. तेव्हा रस कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न दुय्यम आहे. कुठल्या महिन्यात घ्यायचा, ते आधी ठरवा.

माझं म्हणणं असं, की जुलै-ऑगस्टमध्ये श्रीगोंदा-कर्जतकडचा माल घ्या. अहिल्यानगर जिल्ह्याचा तो पट्टा लिंबासाठी प्रसिद्ध आहे. नाहीतर विजयपूर जिल्ह्यातल्या इंडीकडचा घ्या, तिथल्या लिंबाला भौगोलिक मानांकनही आहे. शक्य झालं तर शेतकरी गटाशी थेट बोला आणि पिवळसर, पातळ सालीचा माल मागा. हिरवीगार, जाड सालीची लिंबं किलोमागे स्वस्त पडतात आणि लिटरमागे महाग.

पिळायला मशीन घ्यायची गरज नाही. ज्यांच्याकडे फळप्रक्रियेचा परवाना आणि स्टीलची यंत्रणा आहे, त्यांच्याकडून मजुरीवर पिळून घ्या, धंद्यातल्या भाषेत जॉबवर्क. कृषी विज्ञान केंद्रं, कृषी विद्यापीठं आणि पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेतली सामाईक प्रक्रिया केंद्रं यांच्याकडे चौकशी करा, काही ठिकाणी भाड्यानं यंत्रणा मिळते. रस गाळून, ८५-९० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवून लगेच गार करायचा. मग दोन-दोन लिटरच्या चपट्या पाऊचमध्ये, वर थोडी जागा सोडून भरायचा, कारण गोठताना तो फुगतो. आणि उणे १८ अंशांत ठेवायचा. अडीचशे लिटर रसाला चारशे-पाचशे लिटरचा एक चेस्ट फ्रीझर पुरतो. एकाच दिवशी सगळं आत कोंबू नका. रोज चाळीसेक लिटर भरा, नाहीतर मधले पाऊच गोठायला दिवस लागतात आणि तोवर वास बिघडतो.

तुमच्याकडून सांगली-तासगाव जवळ, तिथे बेदाण्याची शीतगृहं रगड आहेत. पण ती थंड ठेवण्यासाठी आहेत, गोठवण्यासाठी नाहीत. चार-पाच अंशांत ठेवलेला लिंबाचा रस हळूहळू तपकिरी होतो आणि त्याला टर्पेंटाइनसारखा वास सुटतो. जागा भाड्यानं घेणार असाल तर "उणे १८ ची खोली आहे का" एवढंच विचारा.

आता डीलरच्या बॅरलबद्दल. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण "६ टक्के आम्लतेची गॅरंटी" हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. कागदी लिंबाच्या रसात आम्ल साधारण ६ ते ८ टक्के असतं. पाणी घालून ते ४ वर आणायचं आणि वरून सायट्रिक ॲसिडची पूड टाकून पुन्हा ६ वर न्यायचं, हे करायला कारखाना लागत नाही, काठी लागते. सायट्रिक ॲसिड साखरेच्या द्रावणावर बुरशी वाढवून बनतं आणि लिंबाच्या रसातल्या आम्लापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. म्हणून आम्लतेचा आकडा जरूर मागा, पण तो अस्सलपणाचा पुरावा धरू नका.

तरीही आम्लता स्वतः मोजायला शिका, कारण भाव त्यावरच करायचा असतो. शास्त्र शाखेची बारावी झालेली मुलगी तुमच्याकडे असेल तर तिला अर्धा तास पुरे. १ मिली रस पिपेटनं काचेच्या फ्लास्कमध्ये घ्या, त्यात उकळून गार केलेलं शुद्ध पाणी घाला, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका. ब्युरेटमधून दशांश नॉर्मल (०.१ N) कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहा. फिकट गुलाबी रंग आला आणि हलवूनही टिकला की थांबा. जेवढे मिली लागले त्याला ०.६४ नं गुणा, झाली आम्लता. १० मिली लागले तर ६.४ टक्के. हे तीनदा करा, एकाच मापावर भरवसा नको.

समजा, एकाचा रस ९० रुपये लिटर आहे आणि त्याची आम्लता ५ निघाली. दुसऱ्याचा ११० रुपये आणि आम्लता ७. पहिल्याकडे १ किलो आम्लासाठी २० लिटर रस लागतो, म्हणजे १,८०० रुपये. दुसऱ्याकडे सव्वाचौदा लिटरच्या जवळपास, म्हणजे १,५७० रुपये. "महागडा" रस स्वस्त पडला. परदेशी लिंबाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट याच हिशेबानं विकतात, लिटरमागे ४०० किंवा ५०० ग्रॅम आम्ल असं त्याच्या कागदावरच लिहिलेलं असतं. अर्जेंटिनाचा तुकुमान प्रांत त्या मालासाठी नावाजलेला आहे. पण तो पिवळा, मोठा लेमन, आपलं कागदी लिंबू नव्हे. चवीत फरक पडतो आणि तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला तो पहिल्याच घोटाला कळेल.

अस्सलपणा तपासायचा असेल तर नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि "लिंबाच्या रसाची भेसळ तपासणी" एवढंच लिहू नका, फॉर्मॉल अंक (अमिनो आम्लांचं माप), आयसोसायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम यांची नावं घेऊन मागणी करा. फळातली अमिनो आम्लं आणि क्षार पुडीत नसतात, त्यामुळे पाणी घालून पुडीनं भरपाई केलेला रस इथे सापडतो. त्याआधी घरीच एक करून बघा. ताज्या लिंबाचा आणि डीलरचा रस समान आम्लतेला आणून, समान साखर घालून, दोन पेल्यांत गार करा आणि कुणाला न सांगता चाखायला द्या. पुडीचा आंबटपणा जिभेवर टोचतो आणि लगेच संपतो, मागे लिंबू राहत नाही.

बॅरलच्या मालात बहुतेकदा केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असतं, म्हणून तर तो साध्या तापमानाला टिकतो. त्यात गैर काही नाही, पण तुमच्या लेबलवर "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं छापलेलं असेल तर ते खोटं ठरतं. रसात १,००० पीपीएम (दहा लाख भागांत १,००० भाग) सल्फर डायऑक्साइड असेल आणि तुम्ही ६ टक्के रस घातला, तर बाटलीत ६० पीपीएम आलाच. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर ॲलर्जीच्या सूचनेत ते लिहिणं बंधनकारक आहे. दम्याच्या काही रोग्यांना सल्फाइट खरोखरच बाधतं, म्हणून हे केवळ कागदाचं काम समजू नका. आणि रसात सोडियम बेंझोएट असेल तर जास्त जपा. क जीवनसत्त्वाबरोबर, ऊन आणि उष्णता मिळाली की त्यातून किंचित बेंझिन तयार होऊ शकतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या टपऱ्यांवर तुमचा माल जाणार असेल तर बेंझोएट टाळलेलंच बरं.

एवढं सगळं करून डीलरचा माल चांगला निघाला तर उन्हाळ्यातली ऐनवेळची तूट भरायला जरूर घ्या. पण त्याचा १४ अंकी परवाना क्रमांक फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, तो उत्पादक आहे, रीपॅकर आहे की नुसता व्यापारी. तपासणी अहवाल त्याच लॉटचा हवा. मागच्या वर्षीचा, लॉट नंबर नसलेला, सुंदर लॅमिनेट केलेला अहवाल अनेक जण दाखवतात. निम्मे पैसे आधी द्यायचे नाहीत. पहिल्या वेळी एकच बॅरल, माल मोजून-तपासून झाल्यावर पैसे. न पटल्यास दुसरा माणूस शोधा. प्रत्येक लॉटमधला अर्धा लिटर बाजूला काढून, तारीख टाकून फ्रीझरमध्ये ठेवा आणि त्या लॉटच्या शेवटच्या बाटलीची मुदत संपेपर्यंत फेकू नका.

संत्र्याकडे वळू. इथे मात्र दिरांचं म्हणणं मी स्पष्टच खोडणार आहे. नागपुरी संत्रं खायला अप्रतिम आहे, पण रसाच्या कारखान्याला ते त्रास देतं. ताजा रस गोड लागतो आणि थोड्या तासांनी कडू होतो. फळात एक बेचव द्रव्य असतं, रस निघाला की रसातल्याच आम्लामुळे त्याचं लिमोनिन बनतं, आणि तापवलं की आणखी लवकर. लिमोनिन जहाल कडू. विश्वास नसेल तर दिरांनाच सांगा, डझनभर संत्री पिळा, रस ९० अंशांपर्यंत तापवा, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी प्या. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी एवढा प्रयोग करायला काय हरकत आहे? स्क्रूचं मशीन साल आणि बिया चेंगरतं, म्हणून त्यातला रस हातानं पिळलेल्यापेक्षा जास्त कडवट होतो. मोठे कारखाने रेझिनच्या स्तंभांतून रस सोडून कडवटपणा काढतात, पण ती गुंतवणूक तुमच्या आवाक्यातली नाही आणि ४,००० बाटल्यांसाठी ती करूही नये. मोसंबीचंही तेच, शिवाय तिच्यात आम्ल इतकं कमी असतं की पेय सपक लागतं.

संत्रं स्वस्त मिळतं हे दिरांचं निरीक्षण खोटं नाही. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेल्यापासून वरूड-मोर्शी-काटोलचा बारीक माल विदर्भातच साचतो, आणि प्रक्रिया उद्योग उभा राहावा ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी फार जुनी आहे. नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा मोठा प्रकल्प मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. असे प्रकल्प नियमित रस विकू लागले तर तुमच्यासारख्यांनी तिथून कडवटपणा काढलेला, गोठवलेला रस जरूर घ्यावा. नमुना मागवून ठेवा. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची) पूर्ण पिकलेली, फेब्रुवारी-मार्चची फळं असतील तर अधिक चांगलं, कारण फळ पिकत जातं तसा कडवटपणा कमी होतो.

तूर्त मात्र संत्र्यासाठी बाहेरचं कॉन्सन्ट्रेट घेणं व्यवहार्य आहे, पण ड्रम नको. पुन्हा हिशेबच पाहा. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेले, मुख्यतः साखरेचे, ग्रॅम. कॉन्सन्ट्रेट साधारण ६६ ब्रिक्सचं असतं, आणि पाणी घालून केलेल्या संत्रारसाला आंतरराष्ट्रीय मानक ११.२ ब्रिक्सचं आहे. ६६ भागिले ११.२, म्हणजे १ किलोपासून ५.९ किलो रस. तुमच्या ८०० लिटर पेयात १० टक्के रस म्हणजे ८० किलो, त्याला कॉन्सन्ट्रेट लागतं साडेतेरा किलो. ड्रममध्ये असतं २६० किलोच्या आसपास. तो ड्रम तुम्हाला १९ महिने पुरेल! एकदा वितळवून उघडलेला ड्रम पुन्हा गोठवायचा, पुन्हा वितळवायचा, हे दोन-तीनदा झालं की रंग आणि वास दोन्ही जातात. मुंबई-पुण्यात खाद्यघटकांचे वितरक तेच कॉन्सन्ट्रेट वीस-पंचवीस किलोच्या डब्यांत गोठवून देतात. किलोमागे थोडे जास्त पडतील, ते खुशाल द्या. डबा गोठलेल्या गाडीतूनच यायला हवा. दारात पोचताना तो मऊ झालेला असेल तर सही करू नका.

भावाचा मोठा करार आत्ताच करू नका. संत्रारसाच्या जागतिक व्यापारात ब्राझीलची मक्तेदारी म्हणावी इतका वाटा आहे, आणि तिथल्या साओ पाउलो पट्ट्यात ग्रीनिंग नावाच्या रोगानं बागा पोखरल्या आहेत. एक बारीक कीड तो पसरवते आणि झाड बरं करायला औषध नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथली संत्र्याची शेती जवळपास उठली. २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात गोठवलेल्या संत्रारसाचा भाव पौंडाला ५ डॉलरच्या वर गेला, आणि पुढच्या वर्षी तितक्याच वेगानं घसरला. अशा बाजारात दोन-तीन महिन्यांपलीकडचा साठा सट्टा होतो. तो मोठ्यांना परवडतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. तयार पेयात फळाचा रस किमान १० टक्के हवा, लिंबाला सवलत आहे, ५ टक्के चालतो. तुमचं ६ टक्क्यांचं सरबत यात बसतं. पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत विकाल तर तिथे २५ टक्के रस लागतो. कॉन्सन्ट्रेटपासून केलेल्या मालावर "१०० टक्के फळांचा रस" असा दावा करायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये मनाई केली आहे. तुमच्या १० टक्क्यांच्या पेयाला तो मोह होणार नाही, पण हॉटेलच्या मेनूकार्डावर कुणी "शुद्ध संत्रारस" छापलं तर लगेच हरकत घ्या, उद्या नमुना नेला तर नाव तुमचंच असेल. आणि हॉटेलवाले "थोडा गॅस भरा, सोड्यासारखं करा" म्हणाले तर आधी सीएंना विचारा. सप्टेंबर २०२५ पासून साध्या फळपेयावर ५ टक्के जीएसटी आहे आणि गॅस भरलेल्या फळपेयावर ४० टक्के. गॅस स्वस्त असतो, कर नाही.

मिस्टरांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय असं मी धरते. डीलरकडून दोन लिटरचा नमुना त्याच्या लॉट नंबरासकट मागवा, ब्युरेट-पिपेट विकत आणा आणि आम्लता त्यांनाच मोजायला लावा. हॉटेलवाल्यांना आत्ता फक्त लिंबाची ऑर्डर पक्की करा. संत्र्यासाठी दोन महिने मागून घ्या, आणि करारात एक ओळ घाला की फळाचा भाव ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर तीन महिन्यांनी दर पुन्हा ठरेल. बहुतेक हॉटेलवाले सुरुवातीला नाक मुरडतात आणि मग सही करतात, कारण एप्रिलमध्ये सरबत संपलेलं त्यांनाही चालत नाही. नाहीच केली सही, तर लिंबाच्या ४,००० ऐवजी २,५०० बाटल्यांचीच हमी द्या आणि उरलेला रस तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी ठेवा.